चाफ्याची रोपं दोन पानांवर आली की माना का टाकतात?

बी टाकलं, दहा-बारा दिवसांत उगवलं, दोन पानं उघडली, घरात सगळ्यांना दाखवून झालं. आणि एका सकाळी बघावं तर रोप आडवं. पानं अजून हिरवीच, पण मातीलगत मान पिचलेली, कोणी चिमटीत धरून दाबल्यासारखी. दुसऱ्या दिवशी शेजारचं. आठवड्याभरात अख्खा ट्रे रिकामा. चाफा बियांपासून करणाऱ्या जवळपास प्रत्येकाची ही तक्रार असते आणि दर वर्षी तीच असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

चाफा म्हणजे इथे देवळापाशी असतो तो, फांदी मोडली की दुधासारखा चीक येणारा. कण्हेर, सदाफुली, अडेनियम यांच्या कुळातला. सोनचाफ्याचं सगळंच वेगळं. त्याचं बी ताजं असतानाच लावावं लागतं, त्याला इथलं काही लागू करू नका.

माझी तीन वर्षं यात गेली. आमच्या कॉलनीतल्या देवळाजवळच्या लाल चाफ्याला शेंगा धरतात. दोन शेंगा समोरासमोर, बैलाच्या शिंगांसारख्या. झाडावर पिकायला आठ-नऊ महिने लागतात, पण उकलली की एकेका शेंगेत ४०-५० पंखवाल्या बिया सहज निघतात. (शेंग तपकिरी व्हायला लागली की तिला जुना पायमोजा चढवून ठेवा, नाहीतर बिया वाऱ्यावर जातात.) मला त्या फेब्रुवारीतच मिळाल्या होत्या. पण मृग लागल्याशिवाय बी मातीत टाकायचं नाही हे आपल्या हाडात भिनलेलं. जपून ठेवल्या आणि जुलैत पेरल्या. २०२१ साली ३० बिया टाकल्या, २६ उगवल्या, गणपती बसले तेव्हा ३ उरल्या होत्या. मातीला दोष दिला, कारण काळी माती आणि शेणखत वापरलं होतं. पुढच्या जुलैत कोकोपीट आणलं, दुकानदाराने दिलेलं बुरशीनाशक बियांना चोळलं. उगवण आणखी छान झाली. आणि पुन्हा तेच.

यात एक फसगत आहे. जुलैत नागपूरला उकाडा असतो, रात्रीही पारा २४-२५ च्या खाली फारसा जात नाही, हवेत ओल भरपूर असते. बी उगवायला याहून चांगली हवा मिळणार नाही. उगवण ९० टक्क्यांच्या घरात दिसली की आपल्याला वाटतं वेळ तर बरोबर होती, चूक दुसरीकडे कुठेतरी झाली.

२०२३ च्या राखीला काटोलकडचा मामेभाऊ आला. त्याची संत्र्याची बाग आहे. गॅलरीत चहा पिता पिता त्याची नजर ट्रेवर गेली.

"ताई, तू चाफा लावून राहिली का धान?"

ट्रेखालच्या ताटलीत बोटभर पाणी होतं, त्यावरून हा टोमणा. मग त्याने एक आडवं झालेलं रोप उपटलं, मूळ चिमटीत धरून ओढलं. वरची साल मोज्यासारखी निघून आली, आत पांढरा दोरा राहिला.

"पाह्य, साल निघून राहिली. आमच्या जंबेरीच्या रोपायले हेच होते. बुंध्याले पाणी लागू नये म्हणून आम्ही झाडाभोवती दोन-दोन आळे करतो, आन् तू झारीनं डोक्यावरून अंघोळ घालून राहिली यायले."

जंबेरी म्हणजे ज्या खुंटावर संत्र्याचं कलम बांधतात ते झाड. संत्रा बागायतदारांना डिंक्या माहीत असतो, बुंध्यातून डिंक गळायला लावणारा रोग. तो करणारी फायटोफ्थोरा आणि आपल्या ट्रेमध्ये रोपं पाडणारी पिथियम या एकाच गोत्रातल्या. दिसतात बुरशीसारख्या, पण खऱ्या बुरशा नाहीत. नात्याने शेवाळांच्या जवळच्या. याचे दोन परिणाम आहेत आणि दोन्ही आपल्या कामाचे. पहिला म्हणजे, यांचे बीजाणू पाण्यात पोहतात. अक्षरशः शेपटी हलवत पोहतात. मातीच्या कणांमध्ये पाणी भरलेलं असेल तर एका रोपाकडून दुसऱ्याकडे जायला त्यांना वेळ लागत नाही. दुसरा म्हणजे, दुकानात 'बुरशीनाशक' म्हणून जी पुडी सर्रास हातात मिळते त्या कार्बेन्डाझिमचा यांच्यावर परिणाम होत नाही. मी दोन वर्षं बियांना जे चोळलं ते या शत्रूसाठी नव्हतंच.

तेव्हापासून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: उगवल्यापासून पहिले ४० दिवस रोपाची मान कोरडी राहिली पाहिजे. मुळाशी ओल चालेल, मानेशी नाही. या ४० दिवसांत खोड जाडसर आणि चिवट होतं, त्यानंतर हा रोग त्याला सहसा पाडू शकत नाही. जुलै-ऑगस्टच्या नागपुरात मान कोरडी ठेवणं जवळपास अशक्य आहे. मार्चमध्ये ती आपोआप कोरडी राहते.

आधी मेलेलं रोप बघा

औषध आणायला जाण्याआधी पडलेलं रोप हलक्या हाताने उपटून बघा. मूळ पाणचट, बोटाने साल सरकते, वास येतो: हा पाण्याचा रोग, वर सांगितलेला. मूळ बऱ्यापैकी ठीक पण मातीच्या रेषेवर मान सुतळीसारखी बारीक आणि तपकिरी, कोरडी: ही बहुधा रायझोक्टोनिया, ती खरी बुरशी, आणि तिच्यावर कार्बेन्डाझिम चालतं. उपाय मात्र दोघींना तोच, पाणी कमी आणि वारा जास्त. मूळ पांढरंशुभ्र, मानही धड, फक्त पानं लोंबलेली: रोग नाही, ऊन लागलंय किंवा तहान. रोप बुडाशी कापल्यासारखं तुटलेलं: रात्री बॅटरी घेऊन बघा, गोगलगाय नाहीतर अळी सापडेल. ट्रेवर बारीक काळी चिलटं उडत असतील तर समजा की माती सतत ओली आहे. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात आणि जखमेतून रोग आत जातो.

आणि एक प्रकार असा की रोप लांब, फिकट, तारेसारखं होऊन स्वतःच्याच वजनाने वाकतं. ते उजेडाअभावी. घरात टीव्हीशेजारी ट्रे ठेवणाऱ्यांचं हेच होतं.

मान पिचलेलं रोप वाचत नाही. त्याला काडीचा आधार देऊन मानेशी माती दाबू नका, मीही ते केलंय. त्याने ओल आणखी मानेशी धरून राहते. ग्लासातल्या मातीसकट टाकून द्या, खताच्या ढिगात नको. उरलेल्यांचं पाणी तीन-चार दिवस बंद करा, पंख्याचा हलका वारा लागेल असं ठेवा. औषध द्यायचंच असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला २ ग्रॅम, मुळाशी एकदा. हातात मोजे घालून. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वापरणार असाल तर तो आधीच मिश्रणात कालवायचा असतो. रोग आल्यावर वरून शिंपडून फार काही होत नाही, आणि रासायनिक औषधाबरोबर दिला तर तोच मरतो.

शिवरात्र ते होळी

मी आता महाशिवरात्रीनंतर पेरते. २०२४ मध्ये शिवरात्र ८ मार्चला होती, दुसऱ्या दिवशी बिया भिजत घातल्या. तोवर आपल्याकडे दिवसा पारा ३३-३५ आणि रात्री १८ च्या आसपास आलेला असतो, हवा कोरडी होते. होळीच्या पुढे नेऊ नका, कारण मग रोप जेमतेम दोन पानांचं असताना एप्रिलचं ऊन येतं.

बी निवडताना फुगीर टोक बोटाने चाचपा. आत दाणा लागला पाहिजे. चपटं लागलं तर पोकळ आहे, ते कितीही भिजवा. ताज्या शेंगेतलं बी उत्तम. वर्ष-दीड वर्षात उगवणशक्ती बरीच उतरते. पंख मोडून टाका, त्यावरच आधी पांढरी बुरशी धरते. रात्रभर कोमट पाण्यात ठेवा, सकाळी ओल्या पण पिळून काढलेल्या टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून डब्यात घाला आणि डबा इन्व्हर्टरवर ठेवा. फ्रिजच्या डोक्यावरही चालेल. मार्चच्या सुरुवातीला पहाटे गारवा असतो, तेवढी ऊब उपयोगी पडते. चार-सहा दिवसांत पांढरी मोड दिसली की तेवढ्याच बिया पेरायच्या. यात पोकळ बिया आपोआप गळतात आणि ग्लासही वाया जात नाहीत.

ग्लास म्हटलं, कारण ट्रे मी कायमचा बंद केला. एकाला झालं की सगळ्यांना होतं. लग्नाकार्यात मिळतात तसले प्लास्टिकचे पाण्याचे ग्लास, बुडाला तापलेल्या खिळ्याने पाच-सहा भोकं. मोठ्या कुंडीत एकच इवलंसं रोप लावू नका. त्याला पाणी पिववत नाही आणि माती आठवडाभर ओली राहते.

मिश्रण: दोन भाग कोकोपीट, दोन भाग जाड रेती, अर्धा भाग गांडूळखत. कोकोपीटची वीट भिजवली की ते पाणी पिळून टाका, पुन्हा भिजवा, पुन्हा पिळा. त्यात बऱ्याचदा मीठ असतं. रेती बांधकामाच्या ढिगावरची चालेल, पण चाळून, जाड कण ठेवून, धुऊन. आपल्या भागातली काळी माती या टप्प्यावर चिमूटभरही नको. कापसाला जे तिचं बळ आहे, पाणी धरून ठेवणं, तेच इथे मारक. पेरल्यावर वरून सेंटीमीटरभराचा थर नुसत्या जाड रेतीचा. हा थर सगळ्यात महत्त्वाचा, कारण मान त्यातून वर येते आणि रेती तासाभरात वरून सुकते. मोड खाली, बी साधारण सेंटीमीटरभर खोल, म्हणजे मिश्रण आणि रेतीच्या सीमेवर.

मिश्रण निर्जंतुक करायला मी मे महिना वापरते. ओलसर मिश्रण पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गच्चीवर सपाट पसरून ठेवायचं, चार ते सहा आठवडे. काळी पिशवी नको, पारदर्शकच. ऊन आत गेलं पाहिजे. नागपूरच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा. ते पुढच्या मार्चसाठी बांधून ठेवते. ज्यांना आत्ताच पेरायचंय त्यांनी मिश्रणावर उकळतं पाणी ओतून, निथळून, गार करून वापरावं.

पाणी खालून. परातीत दोन बोटं पाणी, त्यात ग्लास पंधरा मिनिटं, मग उचलून बाहेर. पुन्हा कधी द्यायचं हे वारावर ठरवू नका, ग्लास उचलून बघा. दोन-तीन दिवसांत हाताला वजन कळायला लागतं. हलका लागला तरच परात. झारी, स्प्रे, सगळं कपाटात. उगवेपर्यंत वरून पिशवी झाकली तर हरकत नाही, पण पहिली मान दिसली की त्याच दिवशी काढा. ती पिशवी "ओल टिकावी म्हणून" आठवडाभर ठेवणारे मला तरी बरेच भेटलेत.

पूर्वेकडचं ऊन दहा वाजेपर्यंत, नंतर सावली. एप्रिलच्या मध्यापासून हिरवी जाळी.

कधी कधी बियांचं टरफल पानांवर टोपीसारखं अडकून बसतं. मार्चच्या कोरड्या हवेत हे जरा जास्त होतं, तेवढी किंमत द्यावी लागते. ओढू नका, शेंडा तुटतो. पाण्याचा एक थेंब टरफलावर, फक्त टरफलावर, सकाळ-संध्याकाळ. दोन दिवसांत मऊ पडून बोटाच्या स्पर्शाने निसटतं.

उन्हाळ्यातल्या दोन आपल्या खास चुका

एक: दुपारी नळी सुरू करणं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं आणि नळीत साठलेलं पाणी हाताला चटका देतं. ते कोवळ्या मुळांवर गेलं की रोप संध्याकाळी मान टाकतं, आणि आपण बिचाऱ्याला तहान लागली म्हणून आणखी पाणी देतो. आदल्या रात्री बादली भरून घरात ठेवा, पहाटे तेच वापरा.

दोन: कूलरचं पाणी. टाकी रिकामी करताना ते फेकवत नाही, बोअरचं असेल तर अजिबातच नाही. पण कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. टबाला जो पांढरा थर बसतो तोच तुम्ही ग्लासात ओतत असता. पानांची टोकं आणि कडा तपकिरी होऊन करपायला लागल्या तर आधी हे आठवा. तुळशीला, चाफ्याला नको, अंगण धुवा. ग्लास कूलरच्या मागे गारव्याला ठेवणंही नको, तिथे सतत तुषार उडतात आणि आपण मार्चमध्ये पळालेला जुलै तिथे परत आणतो.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, माझी रोपं जाळीखाली, भिंतीच्या उत्तर बाजूला असतात. चाफा उन्हाचं झाड आहे हे खरं, पण ते मोठ्या झाडाचं. तीन महिन्यांच्या रोपाची पानं ४४-४५ अंशांच्या झळांत कागदासारखी होतात. खोड टणक असेल तर घाबरू नका, पाऊस आला की नवी फुटतात.

पाऊस आल्यावर

२०२४ ला पेरलेल्या २० मोडांपैकी १७ वर आले, जूनच्या मध्याला १५ होते. खोडं पेन्सिलीएवढी. पहिल्या पावसात त्यांना भिजू द्या, बरं असतं. पण झड लागली की ग्लास पत्र्याखाली. चार-सहा पानं झाली असतील तर याच सुमारास चार इंची कुंडीत हलवा, एकदम दहा इंचीत नाही. आता मिश्रणात थोडी माती चालेल. भोकांखाली विटांचे तुकडे ठेवून कुंडी जमिनीपासून उचला, नाहीतर गच्चीवरचं साचलेलं पाणी खालून वर चढतं.

ऑगस्टमध्ये पानांच्या मागे नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा. दिसायला भयंकर, रोपाला मारत नाही. ती पानं खुडून कचऱ्यात टाका आणि पुढे चला.

खोड मध्येच मऊ पडून काळसर झालं आणि ते बोटाएवढं जाड असेल तर वाचवायची एक संधी असते. धारदार पात्याने सडक्या भागापासून वर कापत जा, आत पांढरा, स्वच्छ गर लागेपर्यंत. तपकिरी ठिपकाही नको. तो वरचा तुकडा सावलीत पाच-सात दिवस सुकवा, चीक पूर्ण वाळला की कोरडसर रेतीत लावा. चीक हाताला, डोळ्याला लागू देऊ नका, आग होते.

बियांचं रोप आईसारखंच फुलेल असं नाही, रंग वेगळा येऊ शकतो. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास फूल धरलं तर लवकर म्हणायचं. हमखास तोच रंग हवा असेल तर फांदी लावा, बियांचा खटाटोप करूच नका. आणि निळ्या चाफ्याच्या बिया कोणी विकत असेल तर पैसे जपा. निळा चाफा नसतो.

डिसेंबरमध्ये पानं गळाली तेव्हा १५ ची १४ झाली. त्या एकाचा दोष माझाच. थंडीत चाफा झोपतो, पानं पिवळी पडून गळतात, नुसती काडी उभी राहते. पारा दहाच्या खाली जायला लागला की कुंड्या घरात घ्यायच्या आणि पंधरा दिवसांतून एकदा कपभर पाणी, तेही सकाळी. पाने नाहीत म्हणजे पाणी ओढणारं कोणी नाही. जेवढं ओताल तेवढं मुळांपाशी साचून राहतं. खोड जरा सुरकुतलं तरी चालतं, दाबून टणक लागलं की झालं. मी आठ दिवस पुण्याला लेकीकडे गेले होते. कामाला येणाऱ्या मावशींना "झाडांना पाणी घाला" एवढंच सांगून गेले, कोणत्या ते सांगितलं नाही. काडी वाळत चालली म्हणून त्यांनी दयेपोटी त्यालाच रोज तांब्याभर घातलं. आता जानेवारीत चाफ्याच्या कुंड्यांवर वर्तमानपत्र झाकून जाते.